डकडकगो, ब्रेव्ह, मोजीक: निकाल पारखायचे कसे?

नवं सर्च इंजिन पहिल्याच दिवशी ‘गूगलसारखं नाही’ म्हणून सोडू नका. आधी त्याचे निकाल येतात कुठून ते बघा. डकडकगोचे नेहमीचे वेब निकाल मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात. स्टार्टपेज बराच काळ गूगलचे निकाल दाखवत आलंय. ब्रिटनचं मोजीक मात्र स्वतः पानं गोळा करतं. ब्रेव्ह सर्चचाही अशा गोळा केलेल्या पानांचा स्वतःचा साठा आहे. त्यामुळे बिंग आणि डकडकगो दोन्हींवर एकच पान वर आलं, तर त्या दोन स्वतंत्र साक्षी नव्हेत. नवख्यांनी सगळ्यात आधी हे समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

तपासायला असा विषय घ्या, ज्याचं उत्तर तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. समजा, ‘कोयना भूकंप’. पहिल्या दहा निकालांपैकी ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपाबद्दल खरोखर काही सांगणारी पानं किती, कोयनानगरच्या सहलीची किती, आणि एकाच मजकुराच्या नकला किती, ते मोजा. जाहिराती धरू नका. नुसत्या शीर्षकावर विसंबू नका, पान उघडून वाचा. इथे कंटाळा केलात तर सगळी मोजणी फुकट.

मग तोच शोध इंग्रजीत घ्या. लहान साठ्यात मराठी पानं कमीच असणार, तेव्हा फक्त मराठी निकालांवरून इंजिनाला नापास करणं अन्याय आहे. डकडकगोवर प्रदेश ‘भारत’ निवडूनही एकदा बघा. आणि मोजीकवर दुसऱ्या-तिसऱ्या पानापर्यंत जरूर जा, एखाद्या हौशी अभ्यासकाचं जुनं टिपण तिथेही सापडू शकतं.