शेजारची दोन मुलं आठ महिने आमच्याकडे आहेत, बापाने लिहून दिलेला नोटरीचा कागद चालेल का?

ताई, तुमचा मेसेज वाचला. शेजारच्या बाई वारल्या, नवरा दारूपायी घर सोडून गेला, जाताना स्टॅम्प पेपरवर 'मुलं यांना दत्तक दिली' असं लिहून नोटरी करून गेला, 13 वर्षांची मुलगी आणि 7 वर्षांचा मुलगा तुमच्याकडेच राहतायत आणि आता शाळा पालकाच्या सहीवर अडून बसलीय.

तर तो कागद दत्तकपत्र नाही, त्याने तुम्हाला काहीच हक्क मिळत नाही, शाळेत तो दाखवूच नका. फाडूही नका मात्र, बाप मुलं तुमच्याकडे ठेवून गेला याचा तो पुरावा आहे.

तुमच्या परिस्थितीला फॉस्टर केअर बसतं, बाल न्याय कायदा 2015, कलम 44. दत्तकात मूल कायमचं तुमचं होतं, इथे सांभाळ तुमचा पण बापाचं नातं तुटत नाही, तो भेटायला येऊ शकतो आणि सुधारला तर बाल कल्याण समिती, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती, मुलं परतही देऊ शकते. धाकटा झोपेत तुमचा पदर सोडत नाही असं तुम्ही लिहिलंय म्हणून हे आधीच सांगतेय, मनाची तयारी ठेवा. फॉस्टर केअर थोड्या दिवसांचं असतं, लांब मुदतीचंही असतं, आणि ग्रुप फॉस्टर केअरमध्ये बरीच मुलं घरासारख्या ठिकाणी एकत्र राहतात. तुमचं प्रकरण नात्याबाहेरच्या कुटुंबाचं. मामा, आत्या, आजी आहेत का हे समिती विचारणारच, असतील तर लपवू नका.

आता मुख्य काम. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे मुलांना घेऊन स्वतः जा, कुणी तक्रार करायची वाट बघू नका. आईचा मृत्यू दाखला, बापाचा कागद, शाळेचे दाखले, तुम्हा दोघांचं आधार न्या. समिती मुलांना बालगृहात टाकेल ही तुमची भीती मला खोटी वाटत नाही, तपास संपेपर्यंत तसं होऊ शकतं. पण तपास चालू असताना मूल 'योग्य व्यक्ती'कडे, म्हणजे सांभाळायला योग्य ठरवलेल्या माणसाकडे, किंवा फॉस्टर कुटुंबात ठेवायची सोय कायद्यात आहे, त्यासाठी पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि भावंडांची ताटातूट करू नका असंही त्यातच लिहा, भावंडं एकत्र ठेवायचा प्रयत्न कायद्यालाही अपेक्षित आहे. मुलगी कळती आहे, तिची इच्छा विचारात घ्यावी लागते, तिला काही पढवू नका, तिच्या शब्दात बोलू द्या.

घरी चौकशीला माणसं येतील, आदेशानंतर दर महिन्याला पाहणीही असते, घाबरायचं नाही. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून प्रत्येक मुलामागे महिना 4,000 रुपये मिळू शकतात, जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. पण पैसे येतीलच असं धरून खर्च बांधू नका.

शाळेला आजच एक अर्ज द्या, मुलं आमच्याकडे राहतात आणि आम्ही समितीकडे जातोय म्हणून. आदेश आला की त्याची प्रत मुख्याध्यापकांना नेऊन द्या, तोवर शाळा बुडू देऊ नका.