धान्य पुरेसं पिकत असूनही गरीब देश उपाशी का राहतात? व्यापार आणि कर्जाचा यात काय संबंध?

संबंध थेट आहे. परदेशी कर्ज फेडायचं डॉलरमध्ये, आणि डॉलर मिळतात निर्यातीतून. म्हणून चांगली जमीन, पाणी, खत कॉफी, कोको, कापसाकडे वळतं. बरं, निर्यात वाढवा हाच सल्ला अनेक देशांना एकदम मिळाला की माल वाढतो, भाव पडतो, आणि तेवढंच कर्ज फेडायला जास्त पोती विकावी लागतात.

कॅरिबियन बेटांमधल्या हैतीचं उदाहरण बघा. गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र केलेल्या या देशाकडून फ्रान्सनेच १८२५ मध्ये मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक कबूल करून घेतले. म्हणजे गुलामांनी आपल्याच सुटकेची किंमत मोजली, तीही कर्ज काढून! पुढे १९९५ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींखाली तांदळावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं. अमेरिकेचा अनुदानित तांदूळ स्वस्तात आला आणि स्थानिक भातशेती बसली. २०१० मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी या धोरणाची चूक जाहीरपणे कबूल केली. आपल्या आर्कान्सा राज्यातल्या काही शेतकऱ्यांचं भलं झालं असेल, असंही म्हणाले. २००८ मध्ये जागतिक बाजारात तांदूळ भडकला, तेव्हा हैतीत दंगली झाल्या आणि पंतप्रधानांना पायउतार व्हावं लागलं.

स्वस्त आयातीने शहरातल्या गरिबाचं पोट काही काळ भरतं, हे नाकारत नाही. पण शेती एकदा मोडली की भाव ठरवणं आपल्या हातात राहत नाही.

भ्रष्टाचार, युद्ध, दुष्काळ ही कारणंही आहेतच. फक्त सगळं खापर त्यांच्यावर फोडणं सावकाराला फार सोयीचं पडतं.