बर्फाचा खडा कुठे चालला?

स्टीलचं ताट हाताला लाकडी पोळपाटापेक्षा गार लागतं. तरी बर्फ ताटातच आधी का वितळतो?

ताट गार लागतं, गार असतं असं नाही. दोन्ही खोलीच्याच तापमानाला असतात. धातू उष्णता झटपट वाहून नेतो : हाताकडून ओढून घेतो, बर्फाला पुरवतो. १ ग्रॅम बर्फाचं नुसतं पाणी व्हायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्यात तेच पाणी ० वरून ८० अंशांवर जाईल! लाकडाला एवढा पुरवठा झेपत नाही.

ओट्यावर ठेवलेला खडा आपोआप सरकतो. ओटा तर सपाट आहे.

थोडं पाणी ओतून बघा. बहुतेक ओट्यांना सिंककडे किंचित उतार असतो. खडा आपल्याच पाण्यावर टेकलेला, तेवढा उतार त्याला पुरतो.

तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब टणाटण नाचतात. बर्फ का नाचत नाही?

थेंबाखाली वाफेची गादी तयार होते, थेंब तिच्यावर तरंगतो. लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ साली याचं वर्णन केलं. बर्फाचं गणित वेगळं. त्याच्या आणि तव्याच्या मध्ये पाण्याचा थर असतो : वरून बर्फाला चिकटलेला, म्हणजे ० अंश, आणि खालून उकळणारा, म्हणजे १०० अंश. तव्याची बरीचशी उष्णता हा फरक टिकवण्यातच खर्च होते, वाफेच्या वाट्याला थोडी येते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकच्या प्रयोगांत (२०२२) पाण्याला गादीसाठी सुमारे १५० अंश पुरले. बर्फाला ५५० लागले. पोळ्यांचा तवा तिथवर जात नाही, आणि नेऊही नका.

उतार नाही, वारा नाही, तरी बर्फ चालवता येईल?

येतो. त्याच विद्यापीठात ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर माशाच्या काट्यासारख्या तिरक्या खाचा पाडल्या. वितळलेलं पाणी खाचांतून एकाच दिशेला वाहतं आणि वरची बर्फाची चकती ओढून नेतं. मग पत्र्याला पाणी न धरणारा लेप दिला. मला विचाराल तर खरी गंमत इथे आहे. चकती आणखी सुसाट सुटेल असं वाटलं होतं, ती चिकटूनच बसली. लेपामुळे खाचांच्या धारांवरचं पाणी निसटलं होतं. खाचांतलं पाणी मात्र वाहत राहिलं, चकतीच्या एका बाजूला त्याचं थारोळं साचलं. पकड सुटली आणि थारोळ्याच्या पृष्ठताणाने चकती गलोलीतल्या खड्यासारखी सटकली.