१९ गुण म्हणजे अल्झायमर का?

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या, मराठी चौथी पास. दीड वर्षापासून विसरायला लागल्यात. चहा पिऊन कप खाली ठेवला की पुन्हा "चहा टाकलास का गं?" विचारतात. डॉक्टरांनी एमएमएसई ही स्मरण-विचारशक्तीची चाचणी घेतली, ३० पैकी १९ गुण आले. २४ च्या खाली म्हणजे अल्झायमरच, असं नणंदबाई म्हणतात. खरं का?
– एक वाचक, गंगावेस, कोल्हापूर

उत्तर : नाही. या चाचणीवरून डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा; अल्झायमर हा त्याचा एक प्रकार) संशय घेता येतो, निदान करता येत नाही. कोणता प्रकार हे तर अजिबात नाही. शिवाय शिक्षण कमी असलेल्यांना २४ ची रेघ जशीच्या तशी लावणं अन्यायाचं आहे. १०० मधून सात-सात वजा करत जाण्याला ५ गुण, कागदावरचं वाचून तसं करण्याला १, वाक्य लिहायला १, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायला १. ज्या बाईंनी पन्नास वर्षांत पेन्सिल हातात घेतली नाही, त्यांचे हे ८ गुण मेंदू ठणठणीत असतानाही जाऊ शकतात. म्हणून चाचणीचा कागद मागून घ्या आणि ११ गुण कुठे गेले ते बघा.

सगळ्यात महत्त्वाचे ते तीन शब्द. आधी म्हणून घेतात, मधे दुसरं काम देतात आणि मग आठवायला सांगतात. तीनही गेले, आणि "त्यातली एक भाजी होती" अशी खूण दिली तरी येत नसेल, तर शब्द मेंदूत साठलाच नाही; अल्झायमरमध्ये असं होतं. खूण देताच आठवला, तर साठलाय पण काढायला वेळ लागतोय. रक्तवाहिन्यांच्या डिमेन्शियात किंवा नैराश्यात हे जास्त दिसतं. एमएमएसईत खूण देत नाहीत, मोका या अशाच दुसऱ्या चाचणीत देतात. खुणेनं आठवलेल्या शब्दाला गुण नसले तरी माहिती मोलाची.

इंग्रजी तारीख चुकली, पण "परवा संकष्टी झाली" हे बरोबर सांगितलं, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. निरक्षर वृद्धांसाठी हरियाणातल्या बल्लभगडला एमएमएसई बदलून हिंदी चाचणी तयार झाली. तिच्यात वजाबाकीऐवजी वार उलटे म्हणायला लावतात. मराठीत तसं काही घेता येईल का, विचारा.

पुन्हा नेताना चष्मा आणि कानाचं मशीन विसरू नका. ऐकूच न आलेला शब्द आठवणार कुठून? ताप किंवा लघवीचा संसर्ग असताना चाचणी नको. तुम्ही त्यांच्या मागे बसा. "अहो आई, श्रावण की!" एवढं पुटपुटलात तरी निकाल बिघडतो. घरी सराव तर मुळीच घेऊ नका. बी-१२, थायरॉइड आणि मेंदूचा स्कॅन झाल्याशिवाय आजाराचं नाव ठरवू नये. चालू गोळ्यांची पिशवीच सोबत न्या; झोपेच्या आणि लघवीसाठीच्या काही गोळ्यांनीही विसरायला होतं.

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. राजारामपुरीतल्या दुकानातून पैसे न देता वस्तू उचलतात, गोड ताटभर खातात, कोणी रडलं तरी ढिम्म. चाचणीत २९ गुण! मग आजार नाही ना?

उत्तर : आजार असू शकतो. एमएमएसई मेंदूच्या कपाळामागच्या भागाची परीक्षा जवळजवळ घेतच नाही, आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे आधी वागणं बदलणारा प्रकार, बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो. त्यासाठी १८ गुणांची एफएबी चाचणी असते : केळं आणि संत्र्यात सारखं काय, एका मिनिटात एकाच अक्षरानं सुरू होणारे शब्द, हातानं मूठ-कड-तळवा हा क्रम न चुकता. तरीही तुमच्या आईंनी सांगितलेली हकिगत कोणत्याही गुणापेक्षा वजनदार. त्यांना डॉक्टरांशी वेगळं बोलू द्या, वडिलांसमोर त्या सांगणार नाहीत. न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

प्रश्न : आजोबांना चाचणीत घड्याळाचं चित्र काढता आलं नाही, पण सकाळी काय खाल्लं ते बरोबर सांगतात. असं कसं?

उत्तर : "अकरा वाजून दहा" दाखवायला सांगितल्यावर काटे ११ आणि १० वर गेले, तर नियोजन चुकलं, सगळे आकडे एका बाजूला गोळा झाले, तर जागेचा अंदाज. आठवण बरी आणि चित्र लवकर बिघडलेलं, हे लेव्ही बॉडी या डिमेन्शियाच्या आणखी एका प्रकारात दिसतं. खोलीत नसलेली लहान मुलं दिसणं, एक दिवस चांगला तर दुसरा सुस्त, झोपेत हातपाय झाडणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना आजच सांगा. भास थांबवायला दिलेल्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधानं अशा रुग्णाचं अंग ताठून जीवावर बेतू शकतं.