वाचकांचे प्रश्न: ड्रायर, ब्रेक, अर्थिंग आणि जवसाचं तेल

पावसाळा लागला की ड्रायरबद्दलची पत्रं वाढतात. बहुतेक पत्रं सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबाबद्दल आहेत, म्हणजे कपडे फिरवून पाणी काढणाऱ्या ड्रायरबद्दल. काही पत्रं गरम हवेने कपडे पूर्ण वाळवणाऱ्या टंबल ड्रायरबद्दल आहेत. पहिल्याचा धोका हाताबोटांना, दुसऱ्याचा आगीचा. म्हणून प्रत्येक उत्तरात कोणत्या ड्रायरबद्दल बोलतो आहोत ते सांगितलं आहे.

झाकण उघडल्यावरही आमचा ड्रायर बराच वेळ फिरत राहतो. सासूबाई तो फिरत असतानाच हात घालून कपडे काढतात. दुरुस्तीवाला म्हणतो, जुन्या मशीनचं असंच असतं. खरं आहे का? (एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

नाही, ताई. ब्रेक दुरुस्त होईपर्यंत हा ड्रायर लावूच नका. धुण्याचा टब तेवढा वापरा.

पिळण्याचा टब मिनिटाला साधारण 1300 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला वीसहून जास्त. मोटर बंद झाल्यावर तो सावकाश फिरताना दिसतो तेव्हाच माणूस हात घालतो, आणि अपघातही तेव्हाच होतो. ओल्या लुगड्याचा काठ किंवा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं गेलं की पुढच्या एका फेऱ्यात बोट पिळलं जातं. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही.

झाकणाकडे दोन कामं असतात. ते उचललं की वरचा स्विच मोटरचा करंट तोडतो आणि त्याच वेळी ब्रेकची तार ढिली पडते. तार ढिली झाली की स्प्रिंग ब्रेकचा गुटका खालच्या ड्रमवर दाबते आणि टब थांबतो. टब थांबत नसेल तर तार गंजून अडकली असेल आणि ढिली पडत नसेल, स्प्रिंग गंजली असेल, गुटक्याचं अस्तर झिजलं असेल, नाहीतर त्यावर साबणाचं पाणी किंवा ग्रीस गेलं असेल. तुम्ही खारपाणपट्ट्यात राहता, तेव्हा गंजाचा संशय आधी घ्या. खाऱ्या पाण्यातलं मीठ तार आणि स्प्रिंग लवकर खातं.

तपासणी घरच्या घरी होते. रिकामा टब एक मिनिट फिरवा, झाकण उघडा आणि घड्याळाकडे बघा. पाच-सात सेकंदांत थांबला तर ब्रेक ठीक आहे. पंधरा सेकंदांच्या वर गेला तर मशीन बंद ठेवून दुरुस्ती करून घ्या. प्लग काढून, मागचं कव्हर उघडून तार मोकळी करणं किंवा गुटका बदलणं हे महागडं काम नाही. करकर आवाज येतो म्हणून ब्रेकवर तेल मात्र कधीच सोडू नका, तेल लागलेला ब्रेक पकडत नाही.

आणखी एक गोष्ट दुरुस्तीवाल्याला स्पष्ट विचारा: झाकणाचा स्विच खराब झाला म्हणून त्याने दोन तारा थेट जोडून तर दिल्या नाहीत ना? झाकण उघडं असताना टायमर फिरवून बघा, हात लांब ठेवून. टब फिरला तर तारा जोडलेल्या आहेत. घरात लहान लेकरं असतील तर असं मशीन एक दिवससुद्धा ठेवू नये.

ड्रायर लावला की मशीन चालत-चालत भिंतीपर्यंत जातं. (ता. आमगाव, जि. गोंदिया)

पत्रात तुम्ही लिहिलं आहे की रोवणीच्या दिवसांत रेनकोटही पिळायच्या ड्रायरमध्ये टाकता. धडधड तिथूनच येते. रेनकोट, ताडपत्री, प्लॅस्टिकचं अस्तर असलेली गादीची खोळ यांतून पाणी आरपार जात नाही. पाणी घडीत अडकतं, टब एका बाजूला जड होतो आणि पूर्ण वेगात असताना ते पाणी अचानक सुटलं तर टब बाजूच्या भिंतीवर आदळून फुटूही शकतो. रेनकोट दोरीवर टांगा, तो तसाही लवकर निथळतो.

बाकी कपडे टबात गोल, सगळीकडे सारखे दाबून बसवा आणि वरून प्लॅस्टिकची चकती घाला. ती हरवली म्हणून तशीच मशीन चालवणारे पुष्कळ आहेत. चकती नसली की मोजा, रुमाल उडून टब आणि बाहेरच्या भांड्याच्या फटीत जातो, खाली शाफ्टला गुंडाळतो आणि रबरी सील फाडतो. मशीनवर 7 किलो लिहिलेलं असलं तरी तो आकडा धुण्याच्या टबाचा असतो, ड्रायरची क्षमता त्याहून कमी असते. एकटी जाड चादर किंवा एकटी जीन्स टाकली तरी तोल जातो, सोबत दोन टॉवेल टाका.

जमीन सारवलेली असेल तर चार पायांखाली एकच सपाट फरशी घाला. पायांखाली वेगवेगळे विटांचे तुकडे लावू नका.

टंबल ड्रायर घेतला आहे. वावरातून आल्यावर डिझेल लागलेले, फवारणीचे, तेलकट असे सगळे कपडे धुऊन त्यात वाळवले तर चालतात का? (ता. घाटंजी, जि. यवतमाळ)

भाऊ, यातले तिन्ही चालत नाहीत, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

डिझेल, पेट्रोल, रॉकेल, थिनर लागलेला कपडा एका धुण्याने साफ होत नाही. उरलेल्याची गरम ड्रममध्ये वाफ होते आणि हीटर शेजारीच असतो. असा कपडा आधी बाहेर मोकळ्या हवेत टांगा, मग हाताने दोनदा धुवा. तरी वास राहिला तर तो कोणत्याच मशीनमध्ये टाकू नका, वॉशिंग मशीनमध्येसुद्धा नाही.

फवारणीच्या कपड्यांबद्दल आम्ही कडक बोलतो, कारण 2017 च्या हंगामात तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हे कपडे रोजच्या रोज, घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवायचे. हातमोजे घालून आधी नुसत्या पाण्यात खंगाळा, मग गरम पाणी आणि भरपूर पावडर, मग पुन्हा एकदा तसंच. मशीनमध्ये धुतले असतील तर त्यानंतर पावडर टाकून मशीन एकदा रिकामं चालवा. वाळवायचे उन्हात, दोरीवर. ड्रायरच्या ड्रमला लागलेला अंश पुढच्या खेपेला लेकरांच्या कपड्यांना लागतो. डब्यातल्या, पाणी न मिसळलेल्या औषधाने भिजलेला कपडा धुऊन पुन्हा वापरूच नका.

आता तेल, ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. आपल्याकडे जवसाचं तेल जेवणात असतं, लाकडाला लावायला असतं, मालिशलाही असतं. हे तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि त्या क्रियेत उष्णता निघते. फडकं पसरलेलं असेल तर ती उष्णता उडून जाते. गोळा करून ठेवलं तर आतच साठते, क्रिया आणखी जोरात होते आणि काही तासांनी फडकं कोणी काडी न लावता धुमसायला लागतं. ड्रायर या कामाला सुरुवातच गरम करून देतो. मालिशचे टॉवेल, बाळाची तेलकट दुपटी, स्वयंपाकघरातली फडकी धुतल्यावरही थोडं तेल धाग्यात राहतं. ड्रायर संपला, कपडे तसेच गरम, ढीग करून पलंगावर टाकले आणि सगळे झोपले, की आगीला लागणारं सगळं एका ठिकाणी जमलं. जवसाचा धोका सर्वांत जास्त आहे. तीळ, सोयाबीन, सूर्यफूल ही तेलंही याच जातीची, कमी-अधिक प्रमाणात. तेलकट कपडे धुण्याचा सोडा आणि गरम पाण्यात दोनदा धुवा आणि दोरीवरच वाळवा. लाकडाला तेल लावलेली फडकी एकेक पसरून बाहेर वाळू द्या, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

साध्या कपड्यांसाठीही एक नियम कायम ठेवा: कपड्यांचे सुटे धागे अडवणारी दाराजवळची जाळी प्रत्येक खेपेनंतर साफ करायची. नवे सुती कपडे आणि टॉवेल फार कापूस सोडतात. जाळी भरली की हवा अडते, हीटर जास्त तापतो आणि जळायला तोच कापूस शेजारी असतो. जाळी फाटली असेल तर नवी येईपर्यंत ड्रायर बंद. हवा बाहेर सोडणारा पाइप असेल तर तो धातूचा, आखूड आणि कमी वळणांचा असावा. बाहेरच्या तोंडाला उंदीर येऊ नये म्हणून डासांची जाळी लावतात, ती आठवड्याभरात कापसाने बंद होते. जाळीऐवजी हवेने उघडणारी झडप बसवा.

वाळवणं चालू असताना लाइट गेली तर? (ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

लगेच दार उघडा, कपडे बाहेर काढा आणि सुटे-सुटे पसरा. टंबल ड्रायर शेवटची काही मिनिटं हीटर बंद करून थंड हवा देतो, ती कपडे थंड होण्यासाठीच असते. लाइट गेली की ड्रम थांबतो, थंड हवा मिळत नाही आणि गरम कपड्यांचा गोळा आत दबून राहतो. याच कारणासाठी ड्रायर मध्येच बंद करून वावरात जाऊ नका, आणि घरी कोणी नसताना किंवा रात्री झोपताना लावू नका. प्लग काढून ठेवा. लाइट आल्यावर पाचेक मिनिटं विजेचा दाब स्थिर होऊ द्या, मग लावा. घरच्या इन्व्हर्टरवर टंबल ड्रायर लावायचा नाही, तो भार इन्व्हर्टरचा नाही.

मशीनला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. चप्पल घालून काम करतो. (जि. वाशीम)

चप्पल हा उपाय नाही. प्लग काढा आणि तारवाल्याला बोलवा. झिणझिण्या येतात याचा अर्थ मशीनच्या अंगावर करंट उतरतो आहे आणि त्याला जमिनीत जायला वाट नाही. गावातल्या पुष्कळ घरांत सॉकेटला तीन भोकं असतात, पण वरच्या मोठ्या भोकामागे अर्थिंगची, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी तारच नसते. ते आधी उघडून बघायला सांगा.

अर्थिंग घरामागे असेल आणि जमीन काळी असेल तर उन्हाळ्यात बघा. काळी माती वाळली की भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पुरलेल्या पाइपपासून माती सुटते. मग पावसाळ्यात चांगलं चालणारं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये नावापुरतं उरतं. खड्ड्यात कोळसा-मीठ भरलेलं असावं आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतावं. न्हाणीचं सांडपाणी जिथे मुरतं त्या जवळची जागा सोयीची.

दोन गोष्टी कोणी सुचवल्या तरी करू देऊ नका. अर्थची तार न्यूट्रलला जोडू नका, कारण खांबावरचा न्यूट्रल तुटला की मशीनच्या पत्र्यावर पूर्ण 230 व्होल्ट येतात. आणि ती नळाच्या पाइपालाही बांधू नका, शॉक मग न्हाणीत बसलेल्याला लागतो. बोर्डावर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा खटका, लावून घ्या. साधी एमसीबी तार जळण्यापासून वाचवते, माणसाला शॉकपासून नाही. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, खटका पडायलाच हवा.

टंबल ड्रायर असेल तर त्याला 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार लागते. 2000 वॉटचा ड्रायर जवळजवळ 9 अँपिअर करंट घेतो. पंख्याच्या 6 अँपिअरच्या सॉकेटमध्ये किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर लावला तर प्लगचं प्लॅस्टिक आधी पिवळं पडतं, मग वितळतं.

पिळायचा ड्रायर नुसता गुणगुणतो, फिरत नाही. (जि. बुलढाणा)

आधी बंद करा, अशा अवस्थेत मोटर जळते. प्लग काढून टब हाताने फिरवा. सहज फिरत असेल तर बहुधा मोटरला फिरायला जोर देणारा कपॅसिटर गेला आहे. जुन्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडच्या आकड्याचाच नवा बसवा. काढण्याआधी दुरुस्तीवाला तो डिस्चार्ज करतो ना ते बघा, प्लग काढल्यावरही त्यात झटका साठलेला असतो. टब जड फिरत असेल तर ब्रेक चिकटला आहे किंवा शाफ्टला कापड गुंडाळलं आहे. फक्त संध्याकाळीच असं होत असेल तर व्होल्टेज मोजा. ते 180 च्या खाली जात असेल तर मशीन दुरुस्त करून उपयोग नाही, सकाळी लावा. खालून उंदरांनी तारा कुरतडल्या नाहीत ना, तेही प्लग काढून तपासा.

टंबल ड्रायरने वीजबिल फार येतं. (जि. भंडारा)

कपडे हाताने पिळून टाकता का? हीटरवर चालणाऱ्या ड्रायरला एक लिटर पाण्याची वाफ करायलाच साधारण 0.63 युनिट लागतं, त्यात कोणतीही कंपनी सूट देऊ शकत नाही. 5 किलो सुती कपडे हाताने पिळले तर पाचेक लिटर पाणी राहतं, पिळायच्या ड्रायरमध्ये पाच मिनिटं फिरवले तर तीनेक लिटर. त्या दोन लिटरच्या फरकाने सव्वा युनिट वाचतं, आणि पिळायची 200 वॉटची मोटर पाच मिनिटांत युनिटचा पन्नासावा भागसुद्धा खात नाही. कपडे हलवून पुन्हा दोन मिनिटं फिरवा, आणखी पाणी निघेल. जाड जीन्स आणि पातळ साड्या एका खेपेत टाकू नका, साड्या वाळून कडक होतात आणि जीन्सचे खिसे ओलेच राहतात. कंडेन्सर प्रकारचा, म्हणजे हवा बाहेर न सोडता वाफेचं पाणी करणारा ड्रायर बंद, दमट खोलीत ठेवला तर वाळायला जास्त वेळ लागतो, खिडकी उघडी ठेवा. उन्हाळ्यात तो लावूच नका. खोली 35 अंशांच्या वर गेली की तो नीट काम करत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच्या दोरीवर पातळ कपडा तासाभरात वाळतो.

ड्रायर नाही. झडीत चुलीवर दोरी बांधून कपडे वाळवतो. (जि. गडचिरोली)

दोरी चुलीच्या वर नको, बाजूला हवी, निदान दीड-दोन हात लांब, आणि तारेची. सुतळी जळून तुटली की कपडे थेट जाळात पडतात. कपडे वाळत असताना एक खिडकी आणि दार उघडं ठेवा. रात्री निखारे असलेली शेगडी खोलीत ठेवून, दार लावून कोणी झोपू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.