स्वागताच्या वाक्याखालची अट

आपले मंडळ बोलते एक आणि करते दुसरे, मग तिथे राहणे हा दांभिकपणा नव्हे का, हा प्रश्न उदारमतवादी धर्ममंडळांतील सभासद माझ्यापुढे वारंवार मांडतात. ओळख पटू नये इतके तपशील बदलून एका बाईंचा अनुभव येथे देत आहे.

त्यांच्या मंडळात कोणताही धर्मग्रंथ बंधनकारक नाही. प्रत्येक माणसाला जन्मतःच प्रतिष्ठा आहे, एवढीच काय ती सामाईक श्रद्धा. लहान मुलांवरील लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून आलेल्या एका गृहस्थाने प्रार्थनेला येण्याची परवानगी मागितली, तेव्हा कार्यकारिणीने त्याच्याशी लेखी करार केला: त्याने फक्त मोठ्यांच्या प्रार्थनेला यावे, नेमून दिलेला सोबती सतत बरोबर असावा, मुलांच्या वर्गाकडे फिरकू नये. करारावर बाईंचीही सही होती. पुढे ‘येथे सर्वांचे स्वागत आहे’ हे वाक्य वाचण्याची पाळी आली की त्यांचा आवाज अडखळू लागला आणि सोबत्याशेजारी मान खाली घालून बसलेल्या त्या गृहस्थाकडे पाहणे त्या टाळू लागल्या. इकडे लहान मुले असलेल्या एका कुटुंबाने याच करारामुळे येणे सोडले. “मॅडम, मी दोन्हीकडून खोटी ठरले,” त्या म्हणाल्या.

मुलांची सुरक्षितता ही तडजोडीची बाब नाही, हे मी प्रथम स्पष्ट केले. अटी काढून टाकल्याने मंडळ अधिक उदार झाले नसते, केवळ बेफिकीर झाले असते. मात्र निर्णय योग्य असला तरी मन शांत होईलच असे नाही. दोन कर्तव्यांपैकी एक पाळले तरी मागे राहिलेले दुसरे नाहीसे होत नाही, त्याची खंत उरते आणि ती खंत असमंजस नसते, असे तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९६५ मध्येच मांडले होते. ज्या धर्मपरंपरांत पापाची कबुली आणि प्रायश्चित्त यांची रीत आहे, तेथे या खंतीला निदान एक वाट मिळते. उदारमतवादी मंडळांनी ती रीत (बहुधा योग्य कारणांनी) टाकली, पण तिच्या जागी काही आणले नाही, आणि मग सभासद स्वतःलाच आरोपी करून बसतात.

म्हणून ‘मी चांगली की वाईट’ हा प्रश्न बाजूला ठेवून, कोणाचे काय देणे लागते, एवढेच त्यांना लिहायला सांगितले. त्या कुटुंबाकडे जाऊन, परत येण्याची गळ न घालता, बाईंनी त्यांचा राग ऐकून घेतला. गृहस्थाला त्या आता नावाने नमस्कार करतात. कुटुंब परतलेले नाही. कराराचा आढावा दरवर्षी घ्यावा आणि पालकांचे म्हणणे आधी ऐकावे, असा बाईंचा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे.