केंड फुगवून काढलेला फोटो

प्रश्न: ताई, आम्ही ग्रुपने मालवणला स्कुबाला गेलेलो. खाली गाईडने खडकातून एक केंड मासा (पफरफिश) पकडला, दाबून दाबून फुगवला आणि प्रत्येकाच्या हातात देऊन फोटो काढले. सोडल्यावर मासा पोहत गेला. फोटो टाकला तर मावसबहीण भडकली, म्हणे हा छळ आहे. मिस्टर म्हणतात, मासे तळून खातोच ना आपण, मग फोटोने काय बिघडलं? कोणाचं बरोबर?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: मावसबहिणीचं. पण मिस्टरांचा मुद्दा आधी घेते कारण तो अगदीच टाकाऊ नाहीये, मीही सुरमई खाते. फक्त सुरमई खाणारा कोणी तिला आधी दहा जणांच्या हातात फिरवून भीतीने अर्धमेली करत नाही ना. इथे तर पोटाचाही प्रश्न नव्हता, लाईक्स हवे होते.

आणि "पोहत गेला" यावर फार जाऊ नका. केंड फुगतो तेव्हा तो भराभर पाणी गिळत असतो, मोठ्या माशाच्या तोंडात सापडला की शेवटचा उपाय म्हणून. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवरच्या एका छोट्या जातीच्या केंडांवर 2014 मध्ये अभ्यास झाला, त्यात फुगलेल्या माशाला एरवीपेक्षा साधारण पाचपट ऑक्सिजन लागला आणि श्वास पूर्ववत व्हायला सरासरी साडेपाच तास गेले. म्हणजे तुम्ही किनाऱ्यावर येऊन, जेवून, दुपारची झोप काढून उठलात तरी तो अजून दमलेलाच असेल. त्यात हे मासे बऱ्याचदा ठराविक खडकांच्या आसपासच सापडतात, गाईडला जागा पाठ असते, मग पुढच्या बॅचला पण तोच बिचारा. (मच्छीमार केंडावर वैतागलेले असतात, जाळी कुरतडतो म्हणून, त्यामुळे त्याची दया येणारे आधीच कमी!)

गाईडला एकट्याला दोष देऊ नका पण. गिऱ्हाईक फोटोवर खूश होतं, टीप फोटोवर मिळते, म्हणून तो हे करतो. पाण्यात उतरायच्या आधीच सांगा, "दादा, काही पकडू नका, माशांना ब्रेड पण टाकू नका, जे दिसेल ते दाखवा." पाण्याखाली बोलता येत नाही त्यामुळे हे बोटीवरच बोलायला लागतं.

प्रश्न: फ्लॅशने मासे आंधळे होतात का हो?
– एक वाचक, सांगली

उत्तर: 2019 मध्ये समुद्री घोड्यांवर वगैरे हे तपासलं गेलं, फ्लॅशने डोळ्यांना इजा दिसली नाही. सगळ्यात जास्त बिथरले ते हात लावल्यावर. तरी एकाच घोड्यावर तीस फ्लॅश मारू नका, आणि त्याने तोंड फिरवलं तर फोटोसाठी काडीने वळवू नका, पाठीचा फोटो घ्या नाहीतर पुढे जा. कॅमेऱ्यात बघता बघता तुमचे फिन्स (पायातले रबरी पंख) मागच्या प्रवाळावर आपटत नाहीत ना तेही बघा, गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं.